आधी बाप्तिस्मा, मग भावंडं, मग आपण

मुंबईत शाळाप्रवेशाचा मोसम सुरू झाला की पहिला परिणाम धर्मावर होतो. वर्षभर 'मिशनऱ्यांचा डाव ओळखा' छापाचे निरोप व्हॉट्सॅपवर पुढे ढकलणारे काका एका सकाळी साडेसहाला चर्चच्या फाटकाशी उभे दिसतात. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाईल, फाईलीत नातवाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, लाइटबिल आणि चार पासपोर्ट साइझ फोटो. फाटकातून पांढऱ्या कपड्यातला कुणीही आत गेला की काका 'गुड मॉर्निंग, फादर' म्हणतात. त्यातले निम्मे माळी आणि इलेक्ट्रिशियन असतात. पण रिस्क कोण घेणार? ज्युनिअर केजीचा फॉर्म हातात पडेपर्यंत धर्मावरचं संकट तहकूब.

अशा शाळेच्या ऑफिसबाहेर साधारण दोन कागद दिसतात. एक फ्रेममध्ये, काचेखाली. त्यावर शाळेचं ध्येय. ख्रिस्ताच्या शिकवणुकीची प्रेरणा, सर्व धर्मांचा आदर, मुलाचा सर्वांगीण विकास, आणि हमखास एक ओळ गरिबांसाठी, वंचितांसाठी. दुसरा कागद नोटीस बोर्डावर, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. त्यावर प्रवेशाचा क्रम. आधी याच पॅरिशची कॅथलिक मुलं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यासह. मग दुसऱ्या पॅरिशची कॅथलिक मुलं, तिकडच्या फादरच्या चिठ्ठीसह. मग शाळेत आधीच असलेल्यांची भावंडं, शिक्षकांची मुलं, माजी विद्यार्थ्यांची मुलं. आणि शेवटी, जागा उरल्या तर, बाकीचे. थोडंफार इकडंतिकडं होतं, पण शिडी हीच.

दोन्ही कागद एकामागोमाग वाचले की एक गंमत लक्षात येते. फ्रेमेतला गरीब नोटीस बोर्डावर पोचलेलाच नाही. दोन भिंतींमधल्या सहा पावलांत तो कुठे गळाला, हे विचारायला खिडकीवर कुणी जात नाही. रांग मोठी असते.

आता कॅथलिक मुलाला पहिली पायरी मिळते यावर गळा काढणारे पुष्कळ आहेत, त्यांचा हिशेब आधी चुकता करू. पॅरिशची शाळा म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या कुटुंबांनी उभी केलेली शाळा. जमीन चर्चची, पॅरिशचा फादर बहुधा शाळेचा मॅनेजर, आणि इमारतीच्या विटा रविवारच्या मिस्साला फिरणाऱ्या झोळीतून, फेस्ताच्या जत्रेतून, हौजीच्या तिकिटांतून आलेल्या. ज्या आजीनं हौजी खेळून वर्गखोली बांधली, तिच्या पणतीला पहिल्या बाकावर बसू द्यायला कुणाचं काय जातं? वर घटनेच्या ३०व्या कलमानं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलेला आहेच. मुंबईत गुजराती, सिंधी वगैरे मंडळींच्या शाळा याच कलमाच्या भाषिक खिडकीतून आत आल्या आहेत, तिथे मात्र काकांना काही खुपत नाही.

मूळ योजनाही तीच होती. केरळात कुरियाकोस एलियास चावरा नावाचे पाद्री होऊन गेले. एकोणिसाव्या शतकात, १८६०च्या दशकात त्यांनी आपल्या अखत्यारीतल्या चर्चना सांगितलं, प्रत्येक चर्चला जोडून एक शाळा हवी. दलित पोरांनाही वर्गात बसवलं आणि दुपारी जेवू घातलं. तांदूळ कुठून यायचे? रोज भात शिजवताना घरच्या बाईनं एक मूठ बाजूला काढायची. त्या मुठी गोळा करून पोरांचं जेवण. त्याला तिकडे पिडियारी म्हणतात. २०१४ साली व्हॅटिकननं चावरांना संत ठरवलं. मराठी वाचकाला ही मूठ ओळखीची वाटायला हवी, कारण कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं चालवताना मुष्टिफंड काढला तो याच तऱ्हेचा. पण कर्मवीरांच्या शाळेसाठी आपण पहाटे साडेसहाला रांग लावल्याचं ऐकिवात नाही. त्यांच्यासाठी आपण जयंती ठेवली आहे.

अमेरिकेत १८८४ साली बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि ठराव झाला की प्रत्येक पॅरिशनं दोन वर्षांत शाळा उभारायची. आयरिश, इटालियन, पोलिश मजुरांची पोरं तिकडच्या सरकारी शाळेतल्या प्रोटेस्टंट बायबलपासून वाचवायची, हा उद्देश. नन्सनी जवळपास बिनपगारी शिकवलं म्हणून ते जमलं. १९६५च्या सुमारास तिकडच्या कॅथलिक शाळांत बावन्न लाख मुलं होती. आता सतरा लाखांच्या आसपास आहेत आणि त्यातलं पाचांतलं एक कॅथलिक नाही. नन्स संपल्या, पगार सुरू झाले, फी वाढली. आता पुष्कळ ठिकाणी फीचे दरच दोन: मिस्साला नियमित येऊन दानाचं पाकीट टाकणाऱ्या कुटुंबाला एक, बाकीच्यांना दुसरा, चढा. तिथे शाळा मुलं शोधते. इथे मुलं शाळा शोधतात, म्हणून इथल्या फादरला फार गोड बोलावं लागत नाही.

गोव्याची गोष्ट तर कुठल्याच फ्रेमेत मावणार नाही अशी. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पॅरोकियल शाळा होत्या. उद्देश एवढाच की गावातल्या पोरांना धर्मप्रश्नोत्तरं पाठ व्हावीत, अक्षरओळख व्हावी आणि मिस्साला गाता-वाजवता यावं. त्यासाठी सोल्फा घोकून घ्यायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. पोरं मोठी झाली, पोटासाठी मुंबईत आली आणि थेट हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन बसली. संगीतकार प्यारेलाल यांनी ज्यांच्याकडे व्हायोलिन गिरवलं ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. वडील तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. ध्येय होतं लॅटिन स्तोत्रांचं, निष्पन्न झाली 'बिनाका गीतमाला'. शाळेच्या ध्येयाचा कागद फार मनावर घेऊ नये तो यासाठी.

तर शिडीची पहिली पायरी ठीक. दुसरीही ठीक. प्रश्न आहे शेवटच्या पायरीचा, 'बाकीचे' या खात्याचा, कारण खरी गर्दी तिथे आहे. ख्रिस्ती लोक देशात सव्वादोन-अडीच टक्के. त्यांच्या पोरांनी त्यांच्या शाळा भरणं गणितातच बसत नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२१ साली अल्पसंख्याक शाळांचा अहवाल काढला. त्या आयोगाचा त्यामागचा हेतू काय होता यावर खुशाल वाद घाला, आकडे मात्र वाचण्यासारखे आहेत. ख्रिस्ती शाळांतली ७४ टक्के मुलं बहुसंख्य समाजातली. आणि सगळ्या धर्मांच्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुलं किती? ८.७६ टक्के.

म्हणजे 'बाकीचे' आत आहेत, भरपूर आहेत. फक्त ते फ्रेमेतले नाहीत. ते आपण आहोत.

आता जरा कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा सांगतो की विनाअनुदानित खासगी शाळेनंही पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली तर पहिल्या खेपेला पंचवीस हजारांपर्यंत, पुढे दर खेपेला पन्नास हजारांपर्यंत दंड. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्टच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, अनुदानित असो वा विनाअनुदानित, अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही. कारण उघड होतं: बाहेरची मुलं सक्तीनं भरली तर शाळेचं अल्पसंख्याक रूप पुसलं जाईल.

तर्क बिनतोड. फक्त वर्गात डोकावून पाहिलं नाही. रूप पुसायचं काम आपण फी भरून केव्हाच उरकलं होतं. हजेरीपटावर पाटील, कुलकर्णी, शाह, नायर आणि अधूनमधून एखादा परेरा. या वर्गाला 'बाहेरच्यांपासून' संरक्षण मिळालं. घटनाकारांनी ढाल घडवली अल्पसंख्याकांसाठी. तिच्याआड दाटीवाटीनं उभा आहे बहुसंख्य समाजातला मध्यमवर्ग. आणि ढालीच्या पलीकडे आहे आपल्याच घरी भांडी घासणाऱ्या मावशींचा मुलगा, ज्याचा धर्म बहुतेक वेळा आपलाच असतो.

रस्त्यापलीकडच्या ट्रस्टच्या शाळेत याच मुलाचं नाव ऑनलाइन सोडतीत निघू शकतं. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी पालकाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख. मावशी त्यात आरामात बसतात. इथे सोडतच नाही. काकांना विचारा, एवढ्या शाळा असताना हीच का? आधी 'शिस्त' म्हणतील. मग 'इंग्लिश' म्हणतील. मग आजूबाजूला बघून आवाज एक पट्टी उतरवतील आणि म्हणतील, "क्राउड चांगला आहे हो."

क्राउड! एक लाखाची उत्पन्नमर्यादा आणि एक बाप्तिस्म्याचा दाखला यांच्या मधल्या सगळ्या समाजशास्त्राला एवढा एक शब्द पुरतो.

आता यात फादरचा दोष किती? कमी नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २००७ साली देशभरच्या शाळांसाठी शिक्षणाचं धोरण काढलं, त्यात वंचितांना झुकतं माप द्यायचं असं स्वच्छ म्हटलं आहे. कायदा लागू नाही याचा अर्थ बंदी आहे असा होत नाही. कोर्टानं सक्ती काढून घेतली. शाळेनं आपणहून नोटीस बोर्डावर पाचवी ओळ लिहिली असती, 'या वाडीतल्या, त्या चाळीतल्या गरीब मुलांसाठी इतक्या जागा, धर्म कोणताही,' तर कुठल्या न्यायमूर्तीनं खोडली असती? काही शाळा गुपचूप असं करतात, फी माफ करतात, वह्या-पुस्तकं देतात, आणि त्याचा गवगवा करत नाहीत. बरंच आहे. पण गुपचूप दिलेली ती मेहेरबानी असते, आणि बोर्डावर लिहिलेला तो नियम होतो. मावशींना मेहेरबानीसाठी फादरची गाठ घ्यावी लागते. फादरची गाठ घ्यायला वॉचमनची परवानगी लागते.

अनुदानित पॅरिश शाळा पाहा. गावठाणात, कोळीवाड्याला लागून, जुनी कौलं, फी नाममात्र, वर्गात मासेविक्रेत्यांची, रिक्षावाल्यांची पोरं. फ्रेमेतलं ध्येय अजून जगतं आहे ते तिथे. नाव त्याच संताचं, क्रूस तोच. तिथे प्रवेशासाठी रांग नसते. काकांना तो क्राउड चालत नाही.

मुलाखतीबद्दल न बोलून कसं चालेल? हल्ली तिला मुलाखत म्हणत नाहीत, 'इंटरॅक्शन' म्हणतात. पावणेचार वर्षांचं पोर केळ्याचा रंग सांगतं, सफरचंदाचा सांगतं आणि तिसऱ्या चित्राला 'घरी जायचं' म्हणतं. आईबाप मात्र दोन महिने तयारी करून आलेले. 'व्हाय धिस स्कूल?' या प्रश्नाला 'व्हॅल्यूज' हे उत्तर क्लासवाल्यांनी पाठ करून घेतलेलं असतं. हो, त्याचेही क्लास निघाले आहेत. त्या उत्तराच्या वेळी बापानं मनगटावरचा लाल धागा बाहीत सारलेला असतो. तो कुणी सारायला सांगितलेला नसतो. फादरनं असले शेकडो धागे पाहिलेले आहेत आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. पण आपल्याला आपल्या सर्वधर्मसमभावाची खात्री नसते ना.

आत गेल्यावर काय होतं, याची धास्ती बाळगणाऱ्यांसाठी: काही होत नाही. तास बदलाची घंटा वाजते, कॅथलिक मुलं कॅटेकिझमची पुस्तकं घेऊन एका वर्गात जातात, उरलेली मॉरल सायन्सला बसतात. खरं बोलावं, डबा वाटून खावा, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा. घटनेच्या २८व्या कलमानं मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये तर बिशपांच्या परिषदेनं शाळांना सूचनाच पाठवल्या की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका आणि सकाळच्या परिपाठाला घटनेची उद्देशिका वाचा. आता ती उद्देशिका मुलं रोज सुरात म्हणतात; 'दर्जाची व संधीची समानता' हे शब्द आले की आवाज जरा चढतो.

खऱ्या शाळेत नंबर नाही लागला तर बाजारात पर्याय आहे. तालुक्याच्या गावी जा. ऊस संपला की फलक सुरू होतात: सेंट अमुक कॉन्व्हेंट, होली तमुक इंग्लिश मीडियम. असा संत स्वर्गात कुणाला भेटलेला नसतो. संस्थापक माजी सभापती, सचिव त्यांच्या सौभाग्यवती, दर गुरुवारी दत्ताची आरती. कॉन्व्हेंट म्हणजे नन्सचा मठ. इथे औषधालाही नन नाही. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत, ८०३व्या कलमात लिहून ठेवलं आहे की बिशपसारख्या अधिकाऱ्याच्या संमतीवाचून कुठल्याही शाळेनं स्वतःला कॅथलिक म्हणवू नये. सभापतींना ८०३ क्रमांकाचं कुठलंही कलम माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की 'सरस्वती विद्यामंदिर' नाव दिलं तर अमुक हजार फी घेता येते आणि 'सेंट' लावलं की दुप्पट. धर्मांतराचं इतकं यशस्वी उदाहरण शोधून सापडायचं नाही. एका रात्रीत सगळी इमारत ख्रिस्ती झाली आणि कुणी मोर्चा काढला नाही.

वसईचं जरा वेगळं. तिथले कुपारी ख्रिस्ती घरात कादोडी बोलतात, मिस्सा मराठीत ऐकतात. फादर स्टीफन्सनी १६१६ साली मराठीत 'क्रिस्तपुराण' छापलं, तो वारसा सांगणारी ही मंडळी. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा चालतो म्हणून आधी गदारोळ झाला, मग भाषणाला टाळ्या पडल्या. वसईत चर्चच्या मराठी माध्यमाच्या शाळा होत्या, आहेत. त्यांतून पिढ्या शिकल्या. पण मराठीत मिस्सा ऐकणारा कॅथलिक बापही हल्ली पोराला इंग्रजी माध्यमात घालतो. आणि आपण? फादरनं मराठीची महती सांगितली की डोळे पुसायचे, आणि चहापानाला त्याच फादरना बाजूला घेऊन विचारायचं, इंग्लिश मीडियमचं काही जमेल का?

सरकारही या खेळात मागे नाही. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारनं नियम बदलून टाकला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधन नाही. म्हणजे अल्पसंख्याक शाळांना जी सूट घटनेच्या आधारानं मिळाली, ती उरलेल्यांना फूटपट्टीच्या आधारानं. मुंबईत एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधायला होडी घेऊन निघावं लागेल. उच्च न्यायालयानं जुलैत तो नियम रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या शाळा २५ टक्के मुलं घेतात त्यांना सरकार दर मुलामागे १७,६७० रुपये देणं लागतं. ते वेळेवर न देण्याची परंपरा मात्र कुठल्याही कोर्टानं मोडलेली नाही.

आणि मग आला १ सप्टेंबर २०२५. शिक्षकांच्या टीईटी परीक्षेवरून महाराष्ट्र आणि तामिळनाडूतून गेलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी विचारलं, की २०१४चा तो प्रमती निकाल बरोबर होता का? अल्पसंख्याक शाळांना कायद्यातून सरसकट मोकळं सोडणं योग्य का? दोघांना पाचांचा निकाल मोडता येत नाही, म्हणून प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे न्यावं यासाठी त्यांनी ते सरन्यायाधीशांपुढे पाठवलं.

उद्या मोठ्या खंडपीठानं सांगितलंच की पॅरिश शाळांनीही २५ टक्के गरीब मुलं घ्या, तर बिशप नाराज होतील, वकील लावतील, ते त्यांच्या जागी ठीक. पण पहिली सही त्यांची नसेल. 'अल्पसंख्याकांच्या घटनादत्त हक्कांवर घाला' अशा मथळ्याचा अर्ज तोवर पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरून आलेला असेल. खाली शंभरेक नावं: जोशी, देशमुख, पाटील, शाह, पुन्हा जोशी. सगळ्यात वर काकांचं. तळाला कुणीतरी विचारलेलं असेल, आपल्यात एखादा ख्रिश्चन आहे का, त्याचीही सही घ्या, बरं दिसेल.